लग्न मे महिन्यात, दोघंही अजून शिकतोय. पुण्यात २२ हजारांत भागेल का? (मदत हवी आहे)

अर्धवट_चहा
साखरपुडा झाला. लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात, १७ तारखेला अधिक महिना लागतो त्याच्या आधी. आम्ही दोघं एकाच वर्गात, शेवटचं वर्ष. लग्नानंतर पुण्यातच राहायचं आणि घरून महिन्याला पैसे घ्यायचे नाहीत असं ठरलंय. दोघांचे मिळून २२ हजार येतील. खोली कुठल्या भागात बघावी? सामान कमीत कमी काय लागेल? लग्नाचा दाखला हातात यायच्या आधी मालक खोली देतात का?

'एवढी घाई काय' हे कृपया लिहू नका, ते घरी ऐकून झालंय. आकडे द्या. रविवारपर्यंत एका ठिकाणी टोकन द्यायचंय.

कोथरूडकर_जुने
पुणे म्हणजे कुठलं? वाघोलीत राहणाराही पुण्यात राहतो म्हणतो आणि धायरीतलाही. कॉलेज कुठे, नोकरी कुठे, २२ हजार हा पगार आहे की 'येतील' म्हणजे देवाच्या मनात असेल तर? टोकन द्यायला निघालेल्याने दोन ओळी जास्त लिहायला हरकत नसावी.

थालीपीठ_लोणी
आधी अभिनंदन! सामानाचं मी सांगते. तीन लिटरचा कुकर (पाच लिटरचा घेऊ नका, दोघांचा भात तळाला बसतो), एक कढई, तवा, पोळपाट-लाटणं, दोन पातेली, चहाचं भांडं, डाळ-तांदळाचे डबे, मिसळणाचा डबा. बास. बाकी हळूहळू होतं. मिक्सर विकत घेऊ नका. केळवणाला मावश्या-आत्या 'काय देऊ' विचारतात तेव्हा लाजून 'काही नको' म्हणायचं नाही, सरळ मिक्सर सांगायचा. दुसरीला गादी. नाहीतर तेच ते काचेचे सहा ग्लास येतात, आमच्याकडे चार सेट पडलेत अजून. आईला म्हणावं रुखवतात सप्तपदीच्या सुपाऱ्या आणि बाहुल्या कमी, स्टीलचे डबे जास्त.

गॅसचं कनेक्शन मिळेपर्यंत पाच किलोचा छोटा सिलेंडर घ्या. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो.

निवृत्त_पण_जागा
दादा, तुझ्या हिमतीचं कौतुक. मुलगी नोकरी करणार का? आणि पत्रिका जुळवल्यात ना? एकनाड तर नाही? हल्लीची मुलं प्रेमात हे बघत नाहीत, मग मुलबाळ होताना त्रास होतो. माझ्या बघण्यातली दोन उदाहरणं आहेत.

गोळी_नको_गूळ
डॉक्टर आहे म्हणून राहवत नाही. एकनाडीचा आणि मुलं होण्याचा काहीही संबंध नाही. तसंच 'रक्तगट एकच आहे, लग्न करू नका' हेही खोटं. रक्तगटाचा मुद्दा एवढाच, की मुलगी आरएच निगेटिव्ह आणि मुलगा पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपणात पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगायचं. अँटी-डी नावाचं इंजेक्शन असतं, साधारण २८व्या आठवड्यात देतात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. विषय संपला.

पत्रिकेऐवजी थॅलेसेमियासाठी रक्त तपासा. वाहक माणूस दिसायला ठणठणीत असतो. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. हे आधी कळलेलं बरं.

निवृत्त_पण_जागा
शास्त्र हजारो वर्षांचं आहे डॉक्टर, तुमची तपासणी कालची.

संत्रा_बर्फी_नागपूर
सिकलसेलबी सांगा न डॉक्टरसाहेब. आमच्या विदर्भात लग्नाआधी तो पाहतेतच. दोघंही वाहक निघाले तर पुढं लेकराच्या नशिबी दुखणं येते. सरकारी दवाखान्यात तपासणी होते.

अर्धवट_चहा
१) मी मुलगी आहे. दादा म्हणू नका.
२) एकनाड नाही, आणि असती तरी फरक पडला नसता.
३) मी शिवाजीनगरला शिकते, पुढे एम.एस्सी. तिथेच करायचंय. त्याला चाकणला प्रशिक्षणार्थी म्हणून १८ हजार मिळणार आहेत, जूनपासून. माझ्या शिकवण्यांचे चार येतात. झाले २२.
४) मी बार्शीची, तो कुर्डुवाडीचा. दोन्ही घरचे राजी आहेत. त्याचे आजोबा थकलेत, त्यांना डोळ्यांदेखत लग्न बघायचंय, म्हणून मे.
आता कृपया खोलीचं सांगा.

पिंपरी_ते_पिंपरी
आता कसं! तू शिवाजीनगर, तो चाकण, तर नदीच्या पुण्याकडच्या बाजूला बघूच नका. नाशिक फाटा, कासारवाडी, भोसरी हा पट्टा धरा. चाकणच्या कंपन्यांच्या बस नाशिक फाट्यावरून जातात. तुला तिथूनच मेट्रो आहे, भोसरी स्टेशन म्हणतात पण ते नाशिक फाट्यालाच आहे, गाडी सरळ शिवाजीनगरला. मी भोसरी गावठाणात वन आरके ८ हजारांत राहिलोय, पाणी दिवसाआड. पाण्याचं आधी विचारा, मग भाड्याचं. अनामत दोन महिन्यांची मागतात. म्हणजे १६ हजार तर पहिल्याच दिवशी हातातून जाणार, ते कुठून आणणार?

कोथरूडकर_जुने
भोसरीत एम.एस्सी.चा अभ्यास? रात्रभर प्रेस मशिनचा ठोका ऐकत? त्यापेक्षा औंध-बोपोडी बघा.

पिंपरी_ते_पिंपरी
औंधमध्ये ८ हजारांत दुचाकी लावायला जागा मिळेल काका.

मांडवीकाठ
आमच्या गोंयात हा घोळ नाही. लग्नाआधी निबंधकासमोर सही होते आणि वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर दोघांची मिळकत एकत्र धरतात, अर्धी-अर्धी. तुम्हीही पैशाचं आधीच कागदावर मांडा. १८ त्याचे आणि ४ तुझे, असं डोक्यात ठेवून संसार सुरू करू नका.

काळा_कोट
खोलीचं थोडक्यात: लिव्ह अँड लायसन्स करार, ११ महिन्यांचा असला तरी नोंदवावा लागतो आणि नोंदवून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे (महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५). करारासाठी लग्नाचा दाखला लागत नाही, दोघांची नावं घालता येतात. सोसायट्या नाक खुपसतात ते वेगळं. नुसत्या तोंडी शब्दावर टोकन देऊ नका, पावती घ्या.

आता एक प्रश्न. दोघंही पदवीच्या शेवटच्या वर्षाला म्हणता. वयं किती? जन्मतारखा नकोत, फक्त पूर्ण झालेली वर्षं सांगा.

अर्धवट_चहा
मला जानेवारीत २१ पूर्ण झाली. त्याला एकविसावं चालू आहे. सप्टेंबरमध्ये वाढदिवस. का?

काळा_कोट
कारण मग मेमध्ये लग्न करता येत नाही. मुलाला २१ पूर्ण लागतात. बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६. वीस वर्षं आठ महिन्यांचा मुलगा त्या कायद्याच्या भाषेत बालक आहे, मग तो कंपनीत रुजू होवो नाहीतर वर्गात पहिला येवो.

चावडीवरचा_बाळू
काय वकीलबाई घाबरवता पोरीला! आमच्याकडं एकोणिसाव्यात बाशिंग बांधलेली पोरं आज नातवंडं खेळवतायत. कोण येतंय बघायला? दोन्हीकडचे राजी, मग तक्रार करणार कोण?

काळा_कोट
भाऊबंदकी करते तक्रार. १०९८ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) एक फोन पुरतो, नावही सांगावं लागत नाही. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. आणि सापडतात कोण? लग्न लावणारे भटजी, लावून देणारे आईवडील. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. (आईला कैद होत नाही, कायद्यात स्त्रियांना तेवढी सूट आहे. वडिलांना नाही.) १८ ते २१ मधल्या नवऱ्या मुलालाच कलम ९ खाली शिक्षा देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये म्हटलंय. म्हणजे तुझा होणारा नवरा सुटेल आणि सासरे अडकतील.

लग्न आपोआप रद्द होत नाही, पण मुलगा ठरावीक मुदतीत ते रद्द करून मागू शकतो. तो मागणार नाही हे मला माहीत आहे. तुलाही आहे. कागदाला माहीत नसतं.

शिस्तप्रिय
मुलीचंही वय आता २१ झालं आहे. टीव्हीवर दाखवलं होतं. नियम सगळ्यांना सारखा हवा.

काळा_कोट
झालेलं नाही. विधेयक डिसेंबर २०२१मध्ये लोकसभेत मांडलं, स्थायी समितीकडे गेलं आणि ती लोकसभा संपल्यावर बारगळलं. आजही मुलगी १८, मुलगा २१.

शिस्तप्रिय
मी स्वतः बातमी पाहिली आहे.

अर्धवट_चहा
चार महिन्यांचा प्रश्न आहे हो! कार्यालयाला ५० हजार दिलेत, बस्ता पुढच्या आठवड्यात. लग्न मेमध्ये केलं आणि नोंदणी सप्टेंबरनंतर केली तर? तोपर्यंत त्याला २१ झालेली असतील.

काळा_कोट
अर्जात लग्नाची तारीख लिहावी लागते आणि वय त्या तारखेचं बघतात, अर्ज केला त्या दिवसाचं नाही. भटजींची सही आणि तीन साक्षीदारही लागतात. तारीख खोटी घालून द्या असं कोणी सुचवेल, ते ऐकू नका. लग्नाचे फोटो, पत्रिका, मोबाइलवरचे व्हिडिओ, सगळं गावभर फिरलेलं असतं.

थालीपीठ_लोणी
मुलाच्या वडिलांना हे माहीत नाही का? बैठकीत याद्या करताना, सुपारी फोडताना कुणीच दाखला बघितला नाही? मानपानाच्या साड्या मात्र मोजल्या असतील.

अर्धवट_चहा
सगळे म्हणाले 'एकविसावं लागलंय म्हणजे झालं'. पत्रिका बघितली होती, तिच्यात जन्मवेळ मिनिटापर्यंत आहे.

कोथरूडकर_जुने
हसू आवरत नाही, माफ करा. आता माझा मघाचा राहिलेला प्रश्न: शेवटच्या सत्राची परीक्षा कधी आहे?

अर्धवट_चहा
मेच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होईल म्हणतात. वेळापत्रक आलेलं नाही.

कोथरूडकर_जुने
म्हणजे हळद उतरायच्या आत पेपर. हे दोघंही विज्ञान शाखेचे!

मधली_जाऊ
मी बोलू का? माझं लग्न एम.ए.च्या पहिल्या वर्षाला झालं, सासरचे 'शिक अवश्य' म्हणाले होते. मनाने चांगलेच होते, पण परीक्षेच्या आठवड्यात सत्यनारायण, पहिली मंगळागौर, पहिली दिवाळसण, आणि प्रत्येकाला 'एकच तर दिवस'. ताई, लग्नाआधी ठरवायचं असेल तर कुकरचा आकार नको, हे ठरव: परीक्षेच्या काळात कुर्डुवाडीहून निरोप आला तर 'ती येणार नाही' हे फोनवर कोण सांगणार? तो सांगणार असेल तर २२ हजारांत भागेल. तुलाच सांगावं लागणार असेल तर ५० हजारही पुरणार नाहीत.

आणि मूल कधी, हे पण आत्ताच बोला. वर डॉक्टर आहेत, त्यांनी सांगावं.

गोळी_नको_गूळ
सांगतो. सरकारी दवाखान्यात निरोध तर मिळतोच, शिवाय 'अंतरा' इंजेक्शन मिळतं, दर तीन महिन्यांनी एक. 'छाया' गोळ्या मिळतात, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्यातून एकदा. दोन्ही मोफत. कुठलं चालेल हे तपासून घेऊन ठरवा, मैत्रिणीला चाललं म्हणून नको. दोघांनी मिळून जा, मुलगे बाहेर गाडीवर बसून राहतात.

चळवळ्या
अंनिसचं (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं) 'जोडीदाराची विवेकी निवड' हे शिबिर करा दोघांनी. आणि ५० हजारांचं कार्यालय हवंच कशाला? सत्यशोधक पद्धतीने लावा, मुहूर्त नाही, मानपान नाही.

निवृत्त_पण_जागा
आलेच हे! निवड झालीय त्यांची, साखरपुडाही झालाय. आता शिबिरात काय निवडणार?

मुली, मी मुहूर्ताचं सांगतो, ते तरी ऐक. आषाढी ते कार्तिकी तसेही कोणी लग्न धरत नाही. मुलाला सप्टेंबरात २१ पूर्ण होतायत. तुळशीची लग्नं लागली की लगेच तुमचं लावा. आजोबांना म्हणावं, अधिकमास मध्ये आला आणि परीक्षाही आहे, म्हणून गुरुजींनीच पुढची तारीख सुचवली. कायद्याचं ते ऐकणार नाहीत, पंचांगाचं ऐकतील.

काळा_कोट
पहिल्यांदा तुमच्याशी सहमत.

गोळी_नको_गूळ
मीही. कारण वेगळं, तारीख तीच.

सदाशिव_पंचांगी
दुरुस्ती: चातुर्मासातलेही आपत्कालातले मुहूर्त पंचांगात देतात. सप्टेंबरच्या वाढदिवसानंतर पितृपक्ष टाळून बघता येईल.

पिंपरी_ते_पिंपरी
नोव्हेंबर धरलं तर पैशाचंही जमतं. जून ते ऑक्टोबर त्याने कॉट बेसिसवर राहावं, तू आहेस तिथेच राहा. त्याने महिन्याला सात हजार बाजूला टाकले तरी ३५ होतात, अनामत आणि गादी त्यातच निघेल. आत्ता टोकन दिलंस तर जुलैत उधारी सुरू.

अर्धवट_चहा
बाबांशी बोलले. आधी चिडले, मग कपाटातून त्याच्या दहावीच्या दाखल्याची झेरॉक्स काढून खिडकीशी नेऊन वाचली. ते उद्या कुर्डुवाडीला जातायत. आजोबांपुढे गुरुजींना बसवायचं ठरलंय, निवृत्त काकांचं ऐकून. कार्यालयवाला ॲडव्हान्स परत देत नाही म्हणतो, काय करू?

काळा_कोट
परत मागूच नका, तारीख बदलून मागा. मेची तारीख त्याला दुसऱ्याला देता येईल, तो नाही म्हणणार नाही. पण जे ठरेल ते पावतीवर लिहून घ्या. आणि नोंदणी लग्नानंतर ९० दिवसांच्या आत करा, पुढे गेलं की विलंबाचा दंड. पदवीवर माहेरचंच नाव राहू दे. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, आणि बदललंत तर एम.एस्सी.च्या प्रवेशापासून प्रत्येक कागद जुळवत बसावं लागतं.

शिस्तप्रिय
नाव बदलायलाच हवं, बँकेत चालत नाही.

काळा_कोट
चालतं. माझं चालतंय.

भाड्याने_देणे_आहे
नमस्कार, धागा वरवर वाचला. कासारवाडीत वन आरके १ जूनपासून रिकामी होतेय, नवदांपत्य चालेल, पाणी रोज. शाकाहारी असल्यास प्राधान्य. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.