शोक आणि नैराश्य
जवळचे माणूस गेल्यावर महिनोन्महिने राहणारे दुःख म्हणजे नैराश्यच, असे काही जण म्हणतात, त्याबाबत थोडे सांगतो. शोक बहुधा लाटांसारखा येतो. आठवणीने डोळे भरतात, पण त्याच माणसाचा एखादा किस्सा निघाला की हसूही येते, आणि स्वतःविषयीचा आदर सहसा शाबूत असतो. नैराश्यात मात्र किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, मन उदास राहते किंवा कशातच रस उरत नाही, आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडते, आपण कुचकामी आहोत अशी भावना मूळ धरते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत मृत्यूनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत हे निदान सहसा टाळावे अशी सूट होती. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ती काढली गेली. यामुळे साध्या शोकालाही आजार ठरवले जाईल, हा आक्षेप मला गंभीर वाटतो, तरीही निर्णय योग्यच वाटतो, कारण शोकातूनही नैराश्य सुरू होऊ शकते आणि ‘दिवसकार्य झाले, आता सावर’ एवढ्याने ते हटत नाही. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते.