ख्यालाला आणि तीन मिनिटांच्या गाण्याला एकच भाव

गाणी ऐकवणाऱ्या स्ट्रीमिंग ॲपची मासिक वर्गणी वाढली की कलाकारांना आपोआप जास्त पैसे मिळतील, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. आपली वर्गणी आपण ऐकतो त्या गायकाकडे थेट जातच नाही. बहुतेक ठिकाणी महिन्याची सगळी रक्कम एकत्र होते, कंपनी आपला वाटा काढते आणि उरलेले पैसे एकूण स्ट्रीम्सच्या, म्हणजे कुणाची गाणी किती वेळा ऐकली गेली त्याच्या, प्रमाणात वाटले जातात. पुण्यातला एखादा श्रोता महिनाभर फक्त किराणा घराण्याचं शास्त्रीय गाणं ऐकत असला, तरी त्याचे बहुतेक पैसे लोकप्रिय गाण्यांकडेच वळतात.

त्यात स्पॉटिफाय या ॲपवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम. चाळीस मिनिटांचा ख्याल शेवटपर्यंत ऐका, तरी एकच! ज्या पुण्यात १९५३ साली शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला, तिथल्या रसिकांनी तरी यावर बोलायला हवं. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम्स नसतील, तर त्या ध्वनिमुद्रणाला रॉयल्टी, म्हणजे ऐकल्याचा मोबदला, मिळतच नाही. नव्या शास्त्रीय गायकांना याचा फटका बसणारच.

दुसरी पद्धत अशक्य नाही. साउंडक्लाउड या ॲपने २०२१ मध्ये स्वतंत्र कलाकारांसाठी श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्या कलाकारांतच वाटायला सुरुवात केली. मला हेच न्याय्य वाटतं. तोवर ध्वनिमुद्रण विकत मिळत असेल तर विकत घ्या, आणि मैफलीचं तिकीट काढा.