ओस्लोमधल्या जुन्या हॉटेलात आई-बाबांसोबत ३ रात्री – माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला राहते. जूनच्या शेवटी आई-बाबा येताहेत आणि त्यांना तीन दिवस ओस्लो दाखवायचं ठरलंय. राहायला रोझेनक्रांट्झ रस्त्यावरचं 'बोंदेहाइमेन' मनात आहे. कोणी तिथे राहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

तेच का, ते सांगते. खेड्यांतून राजधानीत आलेल्या तरुणांनी १८९९ साली एक मंडळ काढलं. लेखिका हुल्दा गारबोर्ग त्यात होत्या. या मंडळाने १९०१मध्ये गावाकडचं जेवण देणारी 'काफीस्तोवा' ही खाणावळ सुरू केली आणि १९१३मध्ये हे हॉटेल, म्हणजे शहरात आलेल्या गावच्या माणसाला घरच्यासारखं टेकायला जागा. नावाचा अर्थच 'शेतकऱ्यांचं घर'. तेव्हा शहराचं नावही क्रिस्तियानिया होतं, ओस्लो झालं ते १९२५ला. फोनवर हे सगळं वाचून दाखवलं तर बाबा जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आपल्या समितीसारखंच की." १९७२च्या दुष्काळात ते सांगोल्याकडच्या गावातून पुण्याला शिकायला आले आणि विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहात राहिले. त्यांचं ते वाक्य ऐकल्यापासून मला दुसरं हॉटेल बघवत नाहीये.

पण धास्ती आहे. गेल्या वर्षी आम्ही दुसऱ्या एका शहरात असंच जुनं, मध्यम दराचं हॉटेल घेतलं होतं. लिफ्ट होती, पण ती दोन मजल्यांच्या मधे थांबायची आणि पुढे नऊ पायऱ्या. बाबांचे दोन्ही गुडघे गेलेत. बाबा कठडा धरून एकेक पायरी चढायचे आणि मी मागून बॅगा घेऊन उभी. बुकिंगच्या पानावर 'लिफ्ट आहे' एवढंच लिहिलं होतं! त्यामुळे पहिला प्रश्न हाच: इथली लिफ्ट थेट खोलीच्या मजल्यावर जाते का? आणि रस्त्यावरून आत शिरताना पायऱ्या आहेत का?

दुसरा प्रश्न खोलीचा. जुन्या इमारती थंडी अडवायला बांधलेल्या, त्यामुळे जूनमध्ये ऊन लागलं की खोली तापते. आतल्या चौकाकडची खोली मागितली तर शांतता आणि गारवा, दोन्ही मिळेल का? पडदे जाड आहेत का? तिथे त्या दिवसांत सूर्य रात्री पावणेअकराच्या सुमारास मावळतो आणि चारच्या आत उगवतो. गेल्या खेपेला आईने खिडकीला शाल टाचण्यांनी लावली तेव्हा कुठे डोळा लागला.

जेवणाचं जरा विचारायचंय. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही खात नाही. नाश्त्याला पाव, दही, फळं, चीज असतंच. ब्राउन चीज तर तिला फार आवडतं. तपकिरी वडीचा पातळ काप ती बोटावर घेऊन बघते आणि म्हणते, खवा करपायच्या आधी उतरवलाय. खरी उत्सुकता काफीस्तोवातल्या 'रोम्मेग्रोत'ची आहे. आंबट सायीची ती लापशी, वर लोणी, साखर आणि दालचिनी. आईला ती खाऊ घालायचीच आहे, पण बरोबर खारवलेल्या मांसाचे काप देतात. ते ताटात न घालता नुसती लापशी मागता येते का? बाबांना मधुमेह आहे, त्यांच्यासाठी तिथे काय मागवावं?

ओस्लोच्या मुख्य स्टेशनपासून कार्ल योहान रस्त्याने चालत एखाद किलोमीटर असेल, पण एगरतोर्गेच्या चौकापर्यंत चढ आहे. बॅगा घेऊन मी मेट्रोने नॅशनल थिएटरला उतरायचा विचार करतेय. तिथे वर यायला लिफ्ट सोयीची पडते की सरळ टॅक्सी करावी? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी जरूर सांगा. राजवाडा, नाटककार इब्सेनचा पुतळा, सिटी हॉल असं सगळं तिथून जवळ आहे, म्हणूनही मध्यवस्ती सोडवत नाहीये. बाबांना दुपारी तासभर पाठ टेकायला परत खोलीवर येता आलं पाहिजे.

खोली धरून ठेवली आहे. पैसे न कापता रद्द करायची मुदत या रविवारी रात्री संपते, तेव्हा शक्यतो त्याआधी कळवा. निदान लिफ्टचं तरी.