गोल्फच्या पर्सिमन ड्रायव्हरवर लॅकर पांढरं पडतंय

प्रश्न: जुन्या ड्रायव्हरचं (लांब फटक्याच्या गोल्फ काठीचं) पर्सिमन लाकडाचं डोकं घासून लॅकर मारलं, दादरच्या या हवेत पांढुरकी झाक आली. मानेचा, म्हणजे डोकं नि दांडा जुळतात तिथे गुंडाळलेला दोराही सुटलाय.

उत्तर १: थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. पावसाळ्यात लॅकर नकोच. तळपट्टीचे (डोक्याच्या तळाशी बसवलेल्या पट्टीचे) स्क्रू काढा, २२० आणि मग ४०० नंबरच्या पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा. चेहऱ्यावरच्या इन्सर्टला (चेंडू लागतो तिथे बसवलेल्या तुकड्याला) हात लावू नका. पॉलियुरेथेन वॉर्निशचे तीन-चार पातळ हात द्या. प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावरच पुढचा.

उत्तर २: घाई नको! आधी डोकं एसीच्या खोलीत आठवडाभर ठेवा. उन्हात ठेवलंत तर तडकेल. स्क्रू ढिला असेल तर भोकात इपॉक्सी लावलेली काडी ठोका.

उत्तर ३: दोरा मेणाचा, चांभाराकडचा चालतो. फेरे घट्ट, शेवटचे सात-आठ वेगळ्या दोऱ्याच्या फासावरून घ्या. टोक त्यात ओवून फास ओढला की आत जातं.