तरुणपणाच्या आठवणींचे सिनेमे खोटं बोलतात का?

गोदाकाठची : काल घरी 'दुनियादारी' (२०१३) पुन्हा लावला होता. नवरा आणि दीर डोळे पुसत होते, मी उठून स्वयंपाकघरात गेले. कट्टा, दोस्ती, अधुरं प्रेम, हे सगळं मुलांच्या वाट्याचं. मी इथेच नाशिकला, कॉलेज रोडला शिकले. सायकल स्टँडवर एका मुलाने माझी उतरलेली चेन बसवून दिली. त्याची बोटं काळी झाली म्हणून मी रुमाल दिला. एवढंच. भावाच्या मित्राने पाहिलं आणि पंधरा दिवस माझं कॉलेज बंद. त्या दिवसांची हुरहुर लावायची तर ती भीतीही दाखवा, नाहीतर ते खोटं आहे.

पंचवटीकर : ताई, भीती होती, मान्य. पण तमिळ '९६' (२०१८) बघा. शाळेची जुनी बॅच भेटते, नायकाच्या तेव्हाच्या मैत्रिणीचं लग्न झालेलं, ती सिंगापूरहून आलेली. दोघांना जेमतेम एक रात्र मिळते. शेवटी तो तिचे कपडे घडी करून पेटीत ठेवतो. तुमचा रुमालही कुणीतरी असाच जपला असेल. हे खोटं कसं?

गोदाकाठची : जपायला त्याच्याकडे पेटी तरी होती. मी माझी वही लग्नाआधी बंबात घातली.

द्वारकावाला : 'शाळा' (२०११) विसरलात का? त्यात भीती आहे, आणीबाणीसकट.

सातपूरकर : माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. यात अलीकडचं आधी पुसलं जातं, जुनं बरंच उशिरापर्यंत टिकतं. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण मला धाकटा भाऊ समजून म्हणतात, "सायकल काढ, सर्कल टॉकीजला जाऊ." तिथे एक मुलगी यायची म्हणे. ती माझी आई नव्हे. आई चहा गाळता गाळता सगळं ऐकते आणि कप त्यांच्या हातात देते. 'अस्तु'मधले संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक हत्तीमागे निघून जातात, ते पाहून मी थिएटरातच रडलो होतो. ताई, तरुणपण खरं होतं की रंगवलेलं, यावर मी वाद घालणार नाही. बाबांकडे आता तेवढंच उरलंय. या सिनेमांना खोटं म्हटलं की मला लागतं.

गोदाकाठची : दादा, लागलं असेल तर माफ करा. पण माझं मत तेच आहे. बाबांच्या त्या मुलीवर सिनेमा निघेल. चहा गाळणाऱ्या तुमच्या आईच्या मनात काय येतं, ते कोण दाखवणार?

सातपूरकर : एकदा विचारलं होतं. म्हणाली, "त्यांच्या चपला आत ठेव, दिसल्या की निघतात सर्कलला."