मदत हवी आहे: नवीन जोडलेला पीसी सुरू होतो, पण डिस्प्ले येत नाही

नमस्कार मंडळी. रायझन ५ ९६००एक्स प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम असा पीसी जोडलाय. बटण दाबलं की सगळे पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच. बोर्डवरचा डीरॅमचा (रॅमची अडचण दाखवणारा) दिवा पेटून राहतो, पुढे काहीच नाही.

२४ पिन आणि प्रोसेसरची ८ पिन, दोन्ही केबल घट्ट बसल्यात. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहे. एकेक रॅम आलटून पालटून लावून पाहिली, सीमॉस क्लिअर केलं (म्हणजे बोर्डच्या सेटिंग मूळ स्थितीत आणल्या). ग्राफिक्स कार्ड काढून मॉनिटर थेट बोर्डच्या एचडीएमआयला जोडला, कारण या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे. तरी तेच.

डीडीआर५ पहिल्यांदा सुरू होताना मेमरी ट्रेनिंगला (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्याला) काही मिनिटं लागतात, हे माहीत आहे. पण नेमकी किती वाट पाहायची? मधेच बंद केलं तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं का?

मला खरी शंका बायोसची, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या सॉफ्टवेअरची आहे. बोर्ड ९००० मालिकेच्या (माझा प्रोसेसर त्यातलाच) आधीचा आहे, म्हणजे त्यात जुनं बायोस असेल तर ते हा प्रोसेसर ओळखणारच नाही. पण मग प्रोसेसरचा दिवा पेटायला हवा ना, रॅमचा का? बोर्डला फ्लॅशबॅकचं (डिस्प्लेशिवाय पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करायचं) बटण आहे. एफएटी३२ फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून आधी बायोस अपडेट करू, की कूलर काढून सॉकेटच्या पिना तपासू? कुणाला हाच अनुभव आला असेल तर कृपया सांगा, फार अडलंय.