उशीर झाला म्हणजे सिक्वेल वाईटच असं नाही

'इतक्या वर्षांनी सिक्वेल म्हणजे नुसती पैसे काढायची सोय' हे मला अर्धंच पटतं. इंडिपेन्डन्स डेचा दुसरा भाग २० वर्षांनी २०१६ ला आला, पहिल्या भागातला हिरो विल स्मिथ नाही, नुसतं परग्रहवाल्यांचं यान मोठं केलं, जीव कशातच नाही, तिथे मान्य.

पण ब्लेड रनर घ्या ना, पहिला १९८२ चा आणि पुढचा थेट २०१७ ला, ३५ वर्षं! मी पण धास्तावूनच गेलो होतो, पण सुरुवातीलाच ते अंधारं घर, शेगडीवर रटरटणारं पातेलं आणि खुर्चीत गप्प बसून वाट बघणारा 'के' (सिनेमाचा नायक), तिथेच कळलं की इथे कोणी घाई केलेली नाही. (थिएटरात मात्र फार चालला नाही, याचं अजून वाईट वाटतं.)

अवतारचं पण तेच, २००९ नंतर एकदम २०२२, मधे सगळे म्हणायचे आता कोणाला आठवतोय, पण दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनने कलाकारांना खरंच टाकीत पाण्याखाली उतरवून मोशन कॅप्चर केलं (म्हणजे त्यांच्या हालचाली टिपून त्या कॉम्प्युटरवरच्या पात्रांना दिल्या), केट विन्स्लेटने ७ मिनिटांच्या वर श्वास रोखला, ते पडद्यावर दिसतं हो. उशीर कशामुळे झाला ते आधी बघा, स्क्रिप्ट जमत नव्हती म्हणून की तंत्र तयार व्हायचं होतं म्हणून. दुसरं असेल तर मी पहिल्याच दिवशी तिकीट काढणार.